चारची बेरीज

"वैजू, तुझं ते दंडाला बांधायचं यंत्र घे आन चल! ह्यांच्या नाकाचं रक्त थांबंना झालंय."

आक्का दारात उभी होती. पायात चप्पल नाही, दोन्ही हात कणकेनं भरलेले. माझी ही थोरली जाऊ म्हणजे घरात साप निघाला तरी आधी दुधावर झाकण ठेवणारी आणि मग ओरडणारी बाई. तिला धावताना मी अठरा वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यामुळे काय झालं, कसं झालं, काही न विचारता मी पिशवी उचलली, डोक्यावर पदर घेतला आणि तिच्या मागोमाग निघाले. सकाळचे साडेदहा वाजले असतील. या गोष्टीला आता सात वर्षं होऊन गेली, पण त्या दिवशीचं एकेक मिनिट मला आठवतं.

तात्या म्हणजे आक्काचे मालक, माझे थोरले दीर. हिंगणवाडीतली पिठाची गिरणी त्यांची. वय बावन्न, अंगानं भरलेले, आणि गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवायची सवय लागलेली. घरात नुसतं 'मीठ दे' म्हणाले तरी शेजाऱ्यांना वाटायचं, यांच्याकडे काहीतरी पेटलं.

मी गावची आशाताई. बाळंतिणी, लसी, तापाच्या गोळ्या, सगळ्या गावाच्या घरात माझी ये-जा. गावात माझा दरारा होता म्हटलं तरी चालेल, पण आमच्या घराचा उंबरा ओलांडला की मी धाकटी सून. आमच्याकडे थोरला दीर सासऱ्याच्या जागी. तात्या सोप्यात बसले की मी मागल्या दारानं जायची. त्यांच्याशी सरळ बोलायचं नाही, काय असेल ते आक्काच्या तोंडून. चहाचा कपसुद्धा हातात द्यायचा नाही, समोर ठेवायचा आणि मागं सरायचं. मला त्याचा जाच होत होता असं मुळीच नाही. खरं सांगायचं तर सोयीचंच होतं, कारण तात्यांच्या रागाशी माझी कधी गाठ पडत नव्हती.

गिरणीत तात्या पोत्यावर बसले होते. मान मागं टाकलेली, बनियनवर रक्ताचे ओघळ, आणि त्यात पीठ मिसळून छातीवर लगदा झालेला. दळण टाकायला आलेल्या बायका डबे सोडून भोवती जमल्या होत्या. सुताराची यमुनाकाकी फोडलेला कांदा त्यांच्या नाकाशी धरून उभी होती. गिरणी चालूच होती, त्यामुळे सगळे ओरडून बोलत होते.

"उष्णता हाय, उष्णता!" काकी म्हणाली. "डोस्क्यावर पानी वता."

"आक्का, मान फुडं करायला सांग," मी दारातूनच म्हणाले. "मागं टाकली की रक्त घशात उतरतंय. आन नाक चिमटीत धरून ठेवा म्हणावं."

"आवं, मान फुडं करा म्हणतीया."

"कोन म्हणतंय?"

"वैजू."

"तिला म्हणावं, मला काय धाड भरली न्हाई. घरला जा," तात्या म्हणाले, पण मान पुढं केली.

मी उपकेंद्रातल्या नलवडे सिस्टरना फोन लावला. त्या तीन गावं पलीकडं लसीकरणाला गेलेल्या. "आधी प्रेशर बघ आणि मला आकडा सांग," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. यंत्र माझ्याच पिशवीत होतं. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, मिनिटभरात आकडा. ते काम मी डोळे मिटून करू शकत होते. पण दंड तात्यांचा होता.

आता सांगताना माझी मलाच लाज वाटते. मी यंत्र आक्काच्या हातात दिलं आणि चार हात लांब उभी राहून तिला शिकवायला लागले. नळी खाली, पट्टा कोपराच्या वर दोन बोटं, फार सैल नको. आक्कानं पट्टा उलटा बांधला. यंत्र गुरगुरलं आणि चूक दाखवून गप्प झालं. पुन्हा बांधला, तर तो फुगता फुगता निसटला. तिसऱ्या वेळी तात्याच वैतागले, पट्टा ओढून काढला आणि "खेळ लावलाय का!" म्हणून उठले. गव्हाचा डबा उचलून गिरणीच्या तोंडात ओतायला गेले.

डबा हातातून सुटला. गहू सगळ्या जमिनीवर. तात्या त्या डब्याकडं असे बघत राहिले, जणू तो त्यांचा नव्हताच. मग भिंतीला टेकत टेकत खाली बसले.

मी गव्हावरून तशीच पुढं गेले, त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात धरला. अठरा वर्षांत पहिल्यांदा. बायकांमधून कुणीतरी "अगंबया" म्हटलेलं मला ऐकू आलं. तात्यांनी हात आखडून घेतला.

"तात्या, हात सैल सोडा. मला बघू द्या," मी सरळ त्यांच्या तोंडाकडं बघून म्हणाले.

यमुनाकाकीनं गिरणीचं बटण बंद केलं. पट्टा फुगला, मग सुस्कारे टाकत उतरला. दोनशे अठरा, खाली एकशे तीस. यंत्र बिघडलं असेल म्हणून थोडं थांबून पुन्हा बघितलं. दोनशे वीस. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं, एकशे ऐंशीच्या पुढं दिसलं आणि जोडीला असलं काही लक्षण असलं तर गावात एक मिनिट काढायचं नाही.

"जीप," मी म्हणाले. "दगडूभावजींना जीप काढायला सांगा. आत्ता."

तालुका चाळीस मिनिटांवर. दगडू सुतार जीप चालवत होता, मागच्या बाकावर मध्ये तात्या, एका अंगाला आक्का, दुसऱ्या अंगाला मी. नाकाचं रक्त थांबत आलं होतं, पण त्यानं मला धीर आला नाही. "मागनं डोस्कं फुटतंय," तात्या म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाले, पण आता शब्द जड झाले होते. पुलाच्या चढाला मी त्यांच्याकडं बघितलं तर ओठाचा उजवा कोपरा खाली लोंबलेला. मी त्यांचा उजवा हात उचलून सोडला. तो मांडीवर पडला आणि पडूनच राहिला.

"दगडूभावजी, जोरात घ्या."

"घेतोय वो, रस्ता कुठाय!"

आक्कानं तात्यांच्या तोंडाकडं बघितलं नव्हतं. ती सारखी समोर बघत होती आणि पदरानं त्यांची मान पुसत होती. मध्येच तिनं मला विचारलं, "वैजू, तू समद्या गावाचं लिवून न्हेलंतस न्हवं, बीपी-शुगरचं? ह्यांचं बी लिवलं हुतंस. काय निघालं हुतं त्यात?"

"चार," मी म्हणाले.

"चार म्हंजी बरं का वाईट?"

त्या चारबद्दल मला सांगायलाच पाहिजे.

त्या दिवसाच्या सात महिने आधी तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा एकेक कागद भरायचं काम आम्हा आशांकडं आलं होतं. वय किती, तंबाखू-दारू आहे का, कमरेचा घेर किती, अंगाला हालचाल आहे का, आईबापांत कुणाला प्रेशर, साखर, हृदयाचा आजार होता का. प्रत्येकाला गुण. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला शुक्रवारी सगळ्यांच्या आधी उपकेंद्रात बोलवायचं. मी तीनशेवर माणसांचे कागद भरले. बायकांची कंबर मी मोजली, पुरुषांच्या हातात टेप दिला आणि आकडा वाचला. पाटलांच्या पोटावर टेप पुरतोय की नाही म्हणून हसलेसुद्धा आम्ही. माझ्या गावात एकही कागद अंदाजानं भरला नाही अशी माझी ख्याती होती.

आमचं घर शेवटाला ठेवलं होतं. आक्काला टेप देऊन तात्यांकडं पाठवलं, तर सोप्यातून आवाज आला, "मी काय शिवायला टाकलोय का?" आणि तात्या निघून गेले. आक्का टेप परत घेऊन आली. "लिव की काय बी. घरातलंच हाय," म्हणाली.

मी चुलीपुढं बसून कागद भरायला घेतला. वय बावन्न, त्याचे दोन. तात्यांचे वडील चोपन्नाव्या वर्षी अंगावरून वारं जाऊन अंथरुणाला खिळले आणि दोन वर्षांनी गेले, त्याचे दोन. झाले चार. आता तंबाखू. सकाळी दात घासायच्या आधी पहिली चिमूट आणि मग दिवसभर, हे आख्ख्या गावाला ठाऊक. त्याचे दोन. कंबर, सदऱ्याच्या ताणलेल्या बटणांवरून सांगते, शंभरच्या चांगलीच पुढं. त्याचेही दोन. हालचाल म्हणजे पोत्यावर बसणं. त्याचा एक. दारू तेवढी नव्हती, एवढंच काय ते बरं.

नऊ झाले असते. नऊ झाले असते तर शुक्रवारी तात्यांना उपकेंद्रात रांगेत बसावं लागलं असतं, माझ्यासमोर अस्तनी वर करावी लागली असती. आणि त्यांनी विचारलं असतं, माझी तंबाखू कागदावर कुणी चढवली? धाकटीनं. मी घाबरले. रोगाला नाही, दिराला. तंबाखूपुढं 'कधीच नाही' लिहिलं. कंबर अठ्ठ्याऐंशी लिहिली, ती माझ्या नवऱ्याची होती. हालचालीपुढं 'रोज' लिहिलं. बेरीज चार. चारच्या वर नाही म्हणजे घाई नाही. नंतर त्यांना कधीतरी तपासायला घेऊ असं मनाशी म्हणाले, आणि ते कधीतरी आलंच नाही.

मिठाचं त्या कागदात विचारलेलंच नव्हतं. पण महिलांच्या बैठकीत ताटात वरून मीठ घेऊ नका, पापड-लोणच्याला हात आवरा, असं घसा कोरडा करून सांगणारी मीच. आणि घरी तात्यांच्या ताटात चिमूटभर मीठ आणि खारातली मिरची वाढणारीही मीच, कारण ती दिसली नाही तर सोप्यातून आवाज यायचा.

"सांग की, चार म्हंजी काय?" आक्कानं पुन्हा विचारलं.

"बरं असतं, आक्का."

"मग हे कशानं झालं गं?"

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. तात्यांना ढकलगाडीवर घेता घेताच त्या विचारायला लागल्या. "तंबाखू, विडी काही?"

"न्हाई जी," आक्का म्हणाली. "कवातरी जरा."

आपला माणूस मरणाच्या दारात आहे आणि बाई त्याची अब्रू झाकतेय. मला तिच्यात मीच दिसले, आणि मला माझी इतकी भीती वाटली की आवाज आपोआप मोठा झाला.

"रोज," मी म्हणाले. "दिवसातनं आठ-दहा वेळा, पंचवीस वर्षं झाली. वडील ह्याच दुखण्यानं गेले. मीठ लई. झोप चार-पाच तास. सा म्हयन्यांपासनं सकाळचं डोकं दुखतं म्हणतात, आक्का फडकं बांधते."

ढकलगाडीवरून तात्या माझ्याकडं बघत होते. माझ्या डोक्यावर पदर नव्हता. तो कधी पडला, मला कळलं नव्हतं.

"मग यांचं प्रेशर आजवर कुणीच तपासलं नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तपासलंय की," आक्का माझा दंड धरून म्हणाली. "ही आमची आशाच हाय गावची."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्या गाडी घेऊन आत गेल्या.

डोक्याचा फोटो काढला. आत रक्तस्राव झाला होता. पुढचे अकरा दिवस आम्ही दोघी त्या बोळातल्या बाकावर बसून काढले. दार वाजलं की मी उठून उभी राहायची. देवाला मी काय काय बोलले ते सांगत नाही, पण त्यात तात्यांचा जीव जितका मागितला तितकंच हेही मागितलं की त्या कागदाचं कुणाला कळू नये. एका श्वासात दोन्ही मागत होते. माणूस असा असतो की मीच अशी आहे, मला अजून सांगता येणार नाही.

तात्या वाचले. बाराव्या दिवशी घरी आले. उजवी बाजू गेली ती गेलीच, वाचा थोडकी उरली. 'पानी', 'नगं', 'जा', असे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे शब्द. सोप्यात खाट टाकली. गिरणीला कुलूप लागलं. आक्का आणि मी मिळून त्यांना उठवायचो, पुसायचो, कूस बदलायचो. चहाचा कप समोर ठेवून मागं सरायचे दिवस संपले होते.

भेटायला माणसं यायची आणि आक्का प्रत्येकाला तेच सांगायची. "आमच्या वैजूनं वाचिवलं बगा. समद्यांच्या देखत यंत्र बांधलं, जीप काढायला लावली. न्हाईतर माझं कुकू तवाच गेलं हुतं." बायका माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या. उपकेंद्रातसुद्धा माझं कौतुक झालं. पहिल्या महिन्यात मी मान खाली घालून ऐकलं. दुसऱ्या महिन्यात मला जेवण जाईनासं झालं.

एका दुपारी आक्काच्या माहेरची माणसं आली आणि तिनं तीच कहाणी डोळ्यांत पाणी आणून सांगितली. ती माणसं गेल्यावर मी आक्काला सांगून टाकलं. तात्या खाटेवर जागेच होते. तंबाखूचे दोन, कमरेचे दोन, माझ्या नवऱ्याची कंबर, सगळं. कशामुळं केलं तेही.

आक्काच्या हातात पेजेची वाटी होती. तिनं ती तात्यांना चमच्या चमच्यानं भरवली, ओघळलेलं पुसलं, वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "खरं लिवलं असतंस तर काय झालं असतं?"

"शुक्रवारी प्रेशर कळलं असतं. गोळी चालू झाली असती. रोजची."

"आन मग हे हिंडतं-फिरतं असते?"

"बहुतेक."

"बहुतेक नगं. तू शिकलेली हाईस. सांग."

"हो," मी म्हणाले. "मला तरी वाटतं, असते."

तिनं तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं. ती उठली आणि आत गेली. भांड्यांचा आवाज नाही, रडण्याचा नाही. मी तिथंच बसून होते आणि तात्यांकडं बघायची माझी छाती होत नव्हती. बऱ्याच वेळानं आक्का बाहेर आली. माझी पिशवी तिच्या हातात होती. ती माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि पिशवी माझ्या पुढ्यात टाकली.

"तुझ्यावरचा माझा राग गेला न्हाई. जायचा बी न्हाई," ती म्हणाली. मग तिनं झंपराची बाही वर सरकवली. "बांध. माझं बी डोस्कं मागनं ठणकतंय. दवाखान्यात बाकावर बसले हुते तवापासनं. कुनाला बोलले न्हाई. मला लई भ्या वाटतंय, वैजू. ह्यांना कोन उचलंल?"

मी पट्टा बांधला. आक्कानं डोळे घट्ट मिटून घेतले होते. पट्टा फुगला, उतरला. पाच मिनिटं तिला शांत बसवून मी पुन्हा बघितलं. आकडा तोच राहिला.

"एकशे ब्याण्णव. खाली एकशे चौदा."

"म्हंजी?"

"वाईट हाय, आक्का. लई वाईट. आत्ताच निघायचं. उठ, लुगडं बदल."

"आन ह्यांच्याजवळ?"

"यमुनाकाकीला हाक मारते."

"उद्या जाऊ की. सांजचं ह्यांचं आंग पुसायचं हाय, पेज करायची..."

खाटेचा आवाज झाला. तात्या डाव्या हातानं खाटेच्या लाकडावर मूठ आपटत होते. चेहरा लाल, ओठांतून लाळ, आणि जीव खाऊन एकच शब्द ओढून काढत होते.

"जा," तात्या म्हणत होते. "जा. जा." आणि ते आक्काकडं नाही, माझ्याकडं बघून म्हणत होते.